पान आणि धागा : शिंपी पक्षी व टसर पतंग

मृगाचा पाऊस दोनचार वेळां बरसून गेला कीं नवापूरच्या आसपासचीं रानें आठवड्याभरांत ओळखूं येईनाशीं होतात. वैशाखांत ज्या टेंकड्या उघड्याबोडक्या आणि धुळीच्या रंगाच्या दिसत होत्या त्यांच्यावर हिरवी कळा चढते. रंगावली नदीला गढूळ पाणी येतें. साग, ऐन, धावडा, पळस हीं झाडें पानांनीं भरून जातात. हें गांव १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें. त्यापूर्वीं तें धुळें जिल्ह्यांत होतें, आणि जुन्या पिढीच्या तोंडीं त्या मुलुखाचें नांव पश्चिम खानदेश असेंच होतें. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील येथील स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रांत आणि दुसरा गुजरातेंत पडतो, ही गोष्ट आतां दूरवर माहीत झाली आहे. माणसांनीं आंखलेल्या त्या रेषेची दखल न घेतां ह्या पावसाळ्यांत दोन कारागीर आपापल्या कामाला लागतात. एक दिवसा काम करतो आणि सारखा बोलत असतो. दुसऱ्याचें काम मुकाट्यानें चालतें, आणि त्याचें लग्नकार्य काय तें रात्रीं होतें. पहिला म्हणजे शिंपी नांवाचा चिमुकला पक्षी आणि दुसरा म्हणजे टसर रेशमाचा पतंग.

पक्षी आणि पतंग यांची तुलना ऐकून कोणाला वाटेल कीं, दोघांनाहि पंख असतात एवढ्यापलीकडे त्यांच्यांत साम्य तें काय असणार? परंतु ह्या दोघांचा धंदा एकच आहे. झाडाचें हिरवें पान आणि बारीक धागा एवढ्या दोन वस्तूंवर दोघेहि आपल्या पुढच्या पिढीचें घर उभें करतात. फरक इतकाच कीं, एक धागा उसना आणतो आणि दुसरा तो स्वतःच्या देहांतून काढतो. ह्या एवढ्याशा फरकामुळें दोघांचीं आयुष्यें किती वेगळ्या वाटांनीं गेलीं, आणि उद्यांच्या रानांत दोघांपैकीं कोणाला जागा उरेल, हें पाहण्यासारखें आहे.

शिंप्याला पाहण्यासाठीं रानांत जाण्याचीहि गरज नाहीं. परसांतल्या लिंबाच्या झाडावर, कुंपणाच्या जाळींत, शाळेच्या बागेंत, जेथें मोठ्या पानाचें एखादें झुडूप आहे तेथें तो असतोच. अंगानें चिमणीहून लहान, पाठ शेवाळी हिरवी, पोट पांढुरकें, माथा तांबूस आणि शेंपटी सदा उभारलेली. विणीच्या दिवसांत नराच्या शेंपटींतील मधलीं दोन पिसें वाढून सुईसारखीं पुढें येतात. देह एवढासा, पण आवाज असा खणखणीत कीं, ऐकणारानें एखादा मोठा पक्षी शोधावा. एकाच दोन अक्षरांची ती हांक तो इतक्या वेळां उच्चारतो कीं, दुपारच्या शांत वेळीं ती घड्याळाच्या ठोक्यांसारखी मोजतां यावी.

त्याचें नांव त्याच्या घरट्यावरून पडलें आहे. मादी प्रथम एखादें रुंद, मऊ आणि जून न झालेलें पान निवडते. एक पुरेसें रुंद नसेल तर शेजारशेजारचीं दोन घेते. मग चोंचीच्या टोंकानें पानाच्या कडांना ओळीनें बारीक भोंकें पाडते आणि त्यांतून तंतु ओवून कडा एकमेकींजवळ ओढते. शिवणकाम करणारा माणूस गांठ मारतो तशी गांठ ती मारीत नाहीं. भोंकांतून बाहेर आलेलें तंतूचें टोंक पिंजून फुगतें आणि तेंच पानाला अडकून राहतें. अशा रीतीनें पानाची एक पिशवी तयार होते आणि तिच्यांत कापूस, सांवरीची म्हातारी व मऊ गवत यांची गादी घातली जाते. पान देंठाशीं तुटलेलें नसल्यामुळें तें हिरवेंच राहतें, आणि सभोंवारच्या पानांत तें घरटें हात लावीपर्यंत ओळखतां येत नाहीं.

आतां ह्या शिवणकामाचा धागा कोठून येतो? कोळ्याच्या जाळ्यांतून, झाडाच्या सालींतून, किड्यांच्या कोशांवरून, आणि खानदेशांत कापसाला तोटा नसल्यामुळें शेताच्या बांधावर अडकून राहिलेल्या कापसांतूनहि. शिंपी स्वतः एक तसूभरहि सूत कांतीत नाहीं. जें सांपडेल तें उचलावें आणि त्यांतून काम साधावें, ही त्याची रीत. धाग्याविषयीं त्याचा हट्ट नाहीं, तसाच झाडाविषयींहि नाहीं. रानांतील झुडूप नसलें तर गांवांतील आंबा, अंजीर किंवा कुंडींतलें शोभेचें झाडहि त्याला चालतें.

टसर पतंगाची गोष्ट अगदीं निराळी. ऐनाच्या पानावर चिकटलेल्या चपट्या अंड्यांतून आठदहा दिवसांनीं जी अळी बाहेर पडते ती पाऊण सेंटिमीटरहूनहि लहान असते. ती जन्मल्या क्षणापासून पान कुरतडूं लागते आणि पांचसहा आठवडे दुसरें कांहीं करीत नाहीं. ह्या काळांत ती चार वेळां कात टाकते. शेवटीं ती हाताच्या बोटाहून जाड, सुमारें १३ सेंटिमीटर लांब आणि पानासारखीच हिरवीगार होते; तिच्या कुशींवर रुपेरी ठिपके चमकतात. इतकी मोठी अळी, पण ऐनाच्या पानांत तीहि सहसा दिसत नाहीं. लपण्याची विद्या पक्ष्याप्रमाणेंच तिलाहि हिरव्या पानानेंच शिकविली आहे.

खाणें पुरें झालें कीं अळी शेजारचीं दोनतीन पानें धाग्यानें एकत्र ओढून एक झोळी बनविते. येथें तिचें काम शिंप्याच्या कामाशीं इतकें जुळतें कीं, पाहणाराला दोघांचा गुरु एकच असावा असें वाटेल. मात्र हा धागा तिच्याच शरीरांतील ग्रंथींत तयार होऊन ओठाजवळच्या छिद्रांतून येतो. प्रथम ती डहाळीभोंवतीं रेशमाचें कडें गुंडाळते, त्या कड्याला बळकट देंठ जोडते, आणि देंठाच्या टोंकाला स्वतःभोंवतीं कोश विणते. धागा एकच, न तुटलेला आणि कित्येक शें मीटर लांबीचा असतो. शेवटीं ती आपल्या देहांतील चुनखडीसारखा द्रव आंतून लिंपते आणि कोश कवठासारखा कठीण होतो. पुढें हिंवाळ्यांत पानें गळून पडतात, डहाळी उघडी पडते, तरी तो कोश वाऱ्यापावसांत लोंबकळत राहतो. वर्षांतील अखेरच्या पिढीचे कोश अशाच स्थितींत हिंवाळा व उन्हाळा काढतात आणि आंतील जीव पुढच्या पावसाची वाट पाहत निजून राहतो.

ह्या कोशाच्या टणकपणाचा उपयोग दख्खनच्या लोकांनीं फार पूर्वीं ओळखला होता. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा इंग्रज अधिकारी १८२४ पासून दख्खनची सांख्यिकी पाहणी करीत होता. त्याची नजर पक्ष्यांवर आणि किड्यांवर सारखीच होती. १८३२ सालीं त्यानें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली आणि तींत शिंप्याला जागा दिली. त्याच सुमारास त्यानें दख्खनच्या रानटी रेशमाच्या किड्यावर एक स्वतंत्र लेख लिहिला. येथील लोकांच्या तोंडचें 'कोळिसरा' हें नांव त्यानें त्या लेखाच्या मथळ्यांतच घेतलें. कोश नागमोडी कापून त्याची लांब वादी काढीत आणि तिनें तोड्याच्या बंदुकीची नळी लांकडी दस्त्याला बांधीत, अशी नोंदहि त्यानें केली आहे. ज्या धाग्याचें वस्त्र सोंवळ्यांत चालतें तोच धागा बंदूक बांधण्यासहि उपयोगीं पडत असे. पक्ष्याचें शिवणकाम आणि पतंगाचें विणकाम ह्या दोहोंकडे एकाच माणसानें एकाच मुलुखांत लक्ष दिलें, हें ह्या तुलनेच्या दृष्टीनें सुदैवच म्हणावयाचें.

घर झालें, आतां घरधनी आणि घरधनीण यांची भेट कशी होते तें पाहावें. शिंप्याच्या जातींत हांक नर घालतो. फांदीच्या टोंकावर बसून तो आपली सीमा जाहीर करतो आणि मादीला बोलावतो. ही हांक कोणालाहि ऐकूं येते; मादीला, प्रतिस्पर्ध्याला, मांजराला आणि ओटीवर बसलेल्या माणसालाहि. टसरच्या जातींत हांक मादी घालते आणि ती कोणालाच ऐकूं येत नाहीं. संध्याकाळीं कोशांतून बाहेर पडलेली मादी पंख वाळवून जागच्या जागीं स्थिर बसते आणि शरीराच्या टोंकांतून एक गंध वाऱ्यावर सोडते. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. पण नराच्या मस्तकावर पिसासारख्या पसरट मिशा असतात आणि त्या गंधाचे विरळ कणहि त्या टिपतात. ह्या कुळांतील नर कित्येक किलोमीटर अंतर तोडून मादीपाशीं आल्याचे प्रयोग नोंदलेले आहेत.

असला गंध म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हें पतंगांच्या बाबतींत प्रथम १९५९ सालीं कळलें. आडोल्फ ब्यूटेनांट ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें तुतीवरच्या रेशमाच्या पतंगाच्या सुमारें पांच लाख माद्यांपासून तो पदार्थ काढला, आणि हातीं आला तो अवघा कांहीं मिलिग्रॅम. तुतीवरचा पतंग टसरचा दूरचा नातलग. पण त्यावरून एवढें स्पष्ट झालें कीं, पतंगाची हांक ही गाण्याइतकीच नेमकी भाषा आहे. गाणें क्षणांत विरतें, गंध रात्रभर रेंगाळतो. गाणें चारहि दिशांना जातें, गंध वारा नेईल तिकडेच जातो. ज्या रात्रीं वादळी पाऊस असतो त्या रात्रीं मादीची हांक धुऊन जाते. आणि तिच्यापाशीं रात्री मोजक्याच असतात.

कारण टसर पतंगाला, नराला काय किंवा मादीला काय, काम देणारें तोंड नसतें. अळी असतांना जें खाल्लें तेवढ्या शिदोरीवर त्याला पतंगाचें आयुष्य काढावें लागतें; आणि तें आयुष्य म्हणजे एक आठवडा किंवा फार तर त्याहून थोडें अधिक. मादीचे पंख पसरले तर १५ सेंटिमीटरांहून जास्त रुंद भरतात, प्रत्येक पंखावर आरशासारखा एक पारदर्शक डोळा असतो. असें राजवैभव लेवून तो जीव उपाशीं जन्मतो आणि उपाशींच मरतो. मरण्यापूर्वीं मादी दीडशेंपासून अडीचशेंपर्यंत अंडीं घालते. त्यांतून बाहेर येणाऱ्या पिलांचें तोंड तिला कधीं दिसत नाहीं.

शिंप्याची मादी तीन किंवा चार अंडीं घालते. सुमारें बारा दिवस तीं उबवावीं लागतात आणि त्यानंतर सुमारें दोन आठवडे नर व मादी दोघेहि पिलांच्या तोंडीं अळ्या आणि किडे भरवीत असतात. पहाट झाल्यापासून अंधार पडेपर्यंत त्यांची धांव थांबत नाहीं. घर चुकीच्या जागीं बांधलें गेलें आणि मोडलें, तर तीं दुसरें बांधतात. पतंगाची मादी सारा भरंवसा अंड्यांच्या संख्येवर ठेवते, पक्षी तो श्रमांवर ठेवतो. पतंगाच्या अडीचशें अंड्यांतून दोन पतंग शेवटपर्यंत पोंचले तरी रानांतील त्यांची संख्या कायम राहते. बाकीच्यांचें काय होतें हें रानांतील मुंग्या, गांधीलमाशा आणि पक्षी सांगूं शकतील. टसरची नवजात अळी शिंप्याच्या चोंचींत सहज मावेल एवढी असते. म्हणजे जेथें दोघे एका झाडावर भेटतात तेथें एकाचें मूल हें दुसऱ्याच्या मुलाचा घांस होऊं शकतें. विदर्भांत भंडारा, गडचिरोली ह्या भागांत ढिवर समाजाचीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या रानांत टसरचें पीक काढीत आलीं आहेत; तेथें झाडांवर अळ्या सोडल्या कीं पक्ष्यांना हुसकण्यासाठीं दिवसभर राखण करावी लागते. त्या माणसांना विचारलें तर शेतांतील राखणदारापेक्षां आपलें काम कठीण असल्याचें तीं सांगतील, कारण त्यांचें पीक पानाच्याच रंगाचें असतें.

इतक्या भेदांत एक विलक्षण साम्य मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या जागीं दडलेलें आहे. माणसांत मुलगा कीं मुलगी हें पित्याकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतें. पक्ष्यांत आणि बहुतेक पतंगांत तें मातेकडून ठरतें. नराजवळ एकाच जातीचीं दोन झेड गुणसूत्रें असतात आणि मादीजवळ एक झेड व एक निराळें डब्ल्यू. पक्ष्यांचे आणि कीटकांचे पूर्वज पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं एकमेकांपासून दुरावले. तेव्हां ही रीत त्यांना एकाच आजापणज्यांकडून मिळालेली नाहीं. दोन्ही कुळें आपापल्या वाटेनें चालत एकाच मुक्कामावर येऊन पोंचलीं. निसर्गाला एखादी युक्ति साधली कीं तो ती दूरच्या घरींहि पुन्हा साधतो, ह्याचें हें एक उदाहरण.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. दोघांपैकीं अधिक बळकट कोण? वरवर पाहतां उत्तर सोपें वाटतें. एकीकडे कवठासारखा टणक कोश, न तुटणारा धागा, शेंकडों अंडीं. दुसरीकडे फाटक्या पानाची पिशवी, उसना धागा, तीनचार अंडीं. पण गेल्या शेंसव्वाशें वर्षांचा अनुभव उलट आहे. रान तुटलें, शेत आलें, शेत जाऊन वस्ती आली, तरी शिंपी कुंपणाच्या झुडपांतून गात राहिला. मुंबईपुण्याच्या गर्दींतहि त्याची हांक ऐकूं येते. टसर मात्र ऐन आणि अर्जुन ह्या झाडांशीं मुख्यतः बांधलेला आहे. बोरीसारख्या दुसऱ्या कांहीं झाडांवरहि तो निभावतो. पण एका झाडाचीं पानें संपलीं तर दुसरें झाड जवळ असावें लागतें, आणि वर्षाचा मोठा भाग त्याला न हलतां डहाळीला लोंबकळून काढावयाचा असतो. ज्यानें सर्व कांहीं स्वतःच्या देहांतून निर्माण केलें तोच सर्वांत परावलंबी ठरला. कारण तो देह घडविणारें पान एकाच घरचें होतें.

आणि ऐन हें झाड उपयोगाचें असल्यामुळें फार तुटलें. त्याचें लांकूड घरांच्या तुळयांना आणि शेतीच्या अवजारांना लागतें, साल कातडीं कमावण्यास जाते, आणि सह्याद्रीच्या पट्ट्यांत भातनागलीच्या राबासाठीं त्याच्या फांद्या छाटण्याची चाल जुनी आहे. ह्या गरजा रानाच्या कडेला राहणाऱ्या गरीब शेतकऱ्याच्या पोटाशीं निगडित आहेत. त्यांना दोष देणें अन्यायाचें होईल. त्याहून मोठी उलथापालथ बाहेरून आली. इंग्रजी अंमलांत रानाकडे पाहण्याची दृष्टि मुख्यतः सागाची झाली; १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यांतून आगगाडी धांवूं लागली आणि लांकूड दूरच्या बाजारांत जाण्याची सोय झाली. ज्या झाडाला भाव त्याची जोपासना, बाकीचीं तीं किरकोळ, असा हिशेब पडला. त्या किरकोळांत टसरचा ऐन होता.

ह्यांत मोठी अडचण अशी कीं, मुक्या प्राण्याचें जाणें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. शिंपी एखाद्या गांवांतून नाहींसा झाला तर दुसऱ्याच दिवशीं दुपार सुनी वाटेल. टसर पतंग नाहींसा झाला तर कांहींच थांबणार नाहीं. त्याची हांक माणसाला कधीं ऐकूंच येत नव्हती. नंदुरबार जिल्ह्यानें ह्या बाबतींत एक धडा जगाला दिला आहे. रानपिंगळा नांवाचें एक लहान घुबड १८८४ नंतर कोणाच्या खात्रीच्या पाहण्यांत नव्हतें आणि तें नष्ट झालें असें समजलें जात होतें. १९९७ च्या नोव्हेंबरांत तें ह्याच मुलुखांत, शहाद्याजवळच्या रानांत, पुन्हा सांपडलें. एकशें तेरा वर्षें तें तेथें होतें, आणि तें आहे हें शास्त्राला माहीत नव्हतें. जें रान एका पक्ष्याला इतकीं वर्षें लपवून जगवितें, तें रान किरकोळ म्हणून तोडतांना त्याबरोबर आणखी काय जातें याची मोजदाद कोणापाशींहि नसते.

उपाय अवघड नाहींत. शेताच्या बांधावर आणि ओढ्याच्या कांठीं उभे असलेले ऐन व अर्जुन राखावे. छाटणी करावयाचीच तर सर्व झाडांची एकाच वर्षीं करूं नये. रानांतील कोश गोळा करतांना कांहीं झाडावरच राहूं द्यावे, म्हणजे पुढच्या मृगांत बीज उरेल. विदर्भांतील जाणते टसरवाले बियाण्याचे कोश वेगळे काढून जपतात, ती त्यांची शेतकऱ्याचीच बुद्धि आहे. रात्रींचे दिवे ही एक नवी गोष्ट आहे. पतंग दिव्याकडे ओढला जातो आणि त्याच्या आयुष्यांतल्या मोजक्या रात्रींपैकीं एक दिव्याभोंवतीं फिरण्यांत वायां जाते. रानाच्या कडेचा दिवा गरजेपुरता लावावा व त्यावर झांकण घालावें, एवढ्यानेंहि पुष्कळ साधेल.

पावसाळ्याच्या एखाद्या रात्रीं आडगांवच्या स्थानकावर दिव्याखालीं वीतभर पंखांचा तांबूस पतंग पडलेला दिसला, तर पाहणारानें त्याला पायाखालीं येऊं देऊं नये. कागदावर अलगद घेऊन त्याला जवळच्या अंधारांत, एखाद्या झाडाच्या बुंध्याशीं ठेवावें. त्याला खायला घालण्याची खटपट व्यर्थ आहे. त्याला तोंडच नाहीं. त्याला हवा आहे तो फक्त काळोख आणि वाऱ्यावरून येणारा तो गंध. सकाळ झाली कीं त्याच झाडाशेजारच्या झुडपावर शिंपी आपली दोन अक्षरें घोकूं लागेल, आणि त्याला ऐकण्यासाठीं कोणाला कांहीं विशेष करावें लागणार नाहीं.